आधी मातीला विचारा!

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. सगळ्यात भराभर वाढणारं झाड कोणतं?

कुणी म्हणेल निलगिरी, कुणी सुबाभूळ, कुणी बांबू. परसात शेवगा असलेला एखादा शेवग्याचं नाव घेईल. यातलं एकही उत्तर चूक नाही. पण एकही पुरतं बरोबर नाही! कारण त्यावर माझा उलटा प्रश्न आहे : लावणार कुठे?

सुबाभळीचंच घ्या. चुनखडीच्या काळ्या रानात ती हां हां म्हणता डोक्यावर जाते. तीच कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत रुसून बसते. चहाच्या झुडपाचं अगदी उलट. त्याला आम्ल माती लागते. आमच्या नगरच्या काळ्या रानात त्याला कितीही लाडाने वाढवा, पानं पिवळी पाडून ते निरोप घेईल. मग भराभर वाढणारं झाड कोणतं? तर जे त्या मातीशी जुळतं ते!

हे जरा खुलवून सांगतो, कारण याची किंमत काय असते ते मी घरात पाहिलंय.

आमचा जिल्हा अहिल्यानगर. २०२४ पर्यंत त्याचं नाव अहमदनगर होतं, आणि आमच्याकडची मंडळी बोलताना अजून नुसतं 'नगर' म्हणतात. या एकाच जिल्ह्यात आम्ल आणि विम्ल अशा दोन्ही तऱ्हेच्या जमिनी भेटतात. त्या बघायच्या तर प्रवरा नदीचा हात धरून चालायचं.

प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तिथे सह्याद्रीचा माथा आहे. घाटघर, रतनवाडी या भागात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढं पाणी जमिनीतून वर्षानुवर्षं झिरपत गेलं की काय होतं? मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम असा विरघळणारा ऐवज पाण्याबरोबर वाहून जातो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. म्हणून तिथली माती तांबूस दिसते आणि किंचित आम्ल असते.

तिथून नदी भंडारदऱ्याच्या धरणात येते, पुढे अकोले, संगमनेर करत पूर्वेला उतरते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. सगळा प्रवास सुमारे २०० किलोमीटरचा. पण खाली राहुरी, श्रीरामपूरकडे पाऊस किती? वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास! एवढ्याशा पावसात माती धुऊन निघत नाही. चुना आणि क्षार जागच्या जागी राहतात. म्हणून खालची काळी माती विम्ल.

आम्ल, विम्ल हे मोजायचं कसं? त्यासाठी एक मोजपट्टी आहे. डेन्मार्कच्या सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती १९०९ मध्ये सुचवली. इंग्रजीत तिला पीएच म्हणतात, आपल्या शेतीच्या पुस्तकांत 'सामू'. ७ म्हणजे मधोमध. त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ७ आणि ८ मधला फरक 'एकाचा' वाटतो, प्रत्यक्षात तो दहापट असतो. ७ आणि ९ मधला शंभरपट! बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात सामू मानवतो. साडेआठच्या वर गेला की समजायचं, रान आजारी पडलंय.

असं आजारी रान आमच्या घरात होतं.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले, आणि कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाटाच्या पाण्याने आमच्या भागाला पैसा दाखवला, शाळा दाखवल्या. हे खरंच आहे. पण काळ्या जमिनीला पाणी पाजताना हात आखडायचा असतो, हे ध्यानात यायला दोन पिढ्या गेल्या.

माझे थोरले चुलते. आम्ही सगळी पोरं त्यांना आबा म्हणायचो. ओढ्याच्या अंगाला त्यांचं दोन एकरांचं सखल रान होतं. उसाला भरपूर पाणी, वरच्या रानांचाही पाझर तिकडेच. जमिनीखालचं पाणी चढत चढत मुळांपर्यंत आलं. उन्हात ते केशनळीतून वर यायचं, पाणी उडून जायचं आणि त्यातले क्षार मात्र वरच बसायचे. आधी कडेला पांढरी रेघ दिसली. मग पांढरे डाग. मग एका उन्हाळ्यात अख्खं रान पिठी पेरल्यासारखं झालं. आमच्याकडे त्याला 'मीठ फुटलं' म्हणतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत जमीन चोपण झाली. चोपण म्हणजे काय? ओली असताना लोण्यासारखी बुळबुळीत, वाळली की दगडासारखी. पाय ठेवला तर घसरतो, कुदळ मारली तर परत उडते.

उसाचं उत्पन्न निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. मग आबांनी ऊसच सोडला. त्या वर्षी ताईचं, म्हणजे आबांच्या मुलीचं, कॉलेज थांबलं. बारावी झाली होती, पुढे शिकायला संगमनेरला राहायचं ठरलं होतं. पैसे नव्हते. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर गेली एवढंच. 'मातीचा सामू' हा शब्द पुस्तकात वाचताना तुम्हाला कंटाळा येईल. मला तो शब्द वाचला की ते पोतं आठवतं.

आबांनी मग रानातली माती पिशवीत भरून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तपासायला नेली. सामू निघाला ९ च्या वर. तिथल्या माणसाने त्यांना जे समजावलं, ते आबांनी घरी आल्यावर आम्हा पोरांना समजावलं. ते इतकं छान होतं की तसंच सांगतो.

मातीचे चिकण कण फार बारीक. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. म्हणून धन भार असलेले कॅल्शियम, सोडियम त्यांना चिकटतात. कॅल्शियमला दोन हात, बरं का! एका हाताने एक कण धरतो, दुसऱ्या हाताने दुसरा. कणांची साखळी होते, भुसभुशीत ढेकूळ बनतं, मधे हवेला आणि पाण्याला वाट राहते. सोडियमला मात्र एकच हात. तो साखळी करू शकत नाही. कण सुटे होतात, पाण्यात पसरतात, सगळ्या फटी बुजवून टाकतात. मग पाणी आत जात नाही, हवा जात नाही, मुळं गुदमरतात. चोपण जमिनीचं दुखणं हे की तिथे सोडियमने कॅल्शियमची जागा बळकावलेली असते.

इलाज तीन पायऱ्यांचा. पहिली पायरी म्हणजे ओढ्यापर्यंत खोल चर, साठलेलं पाणी निघून जायला. दुसरी पायरी जिप्सम. ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं तेच खनिज. त्यात कॅल्शियम असतं. ते सोडियमला हाकलतं आणि सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातो. चर नसेल तर जिप्समचा उपयोग नाही, कारण हाकललेला पाहुणा जाणार कुठे?

आणि तिसरी पायरी एक झाड. झाड कसलं, झुडूपच. धैंचा!

धैंचा तुम्ही पाहिला असेल. बारीक बारीक जोडपानं, पिवळी फुलं, लांब शेंगा. हादग्याचा भाऊबंद. जिथे हरभरा उगवायलाही तयार नसतो अशा चोपणात, पायात पाणी साठलेलं असताना, हा पठ्ठ्या वाढतो. जूनमध्ये एकरी वीसेक किलो बी फेकलं. शेजारचे हसले. उसाच्या रानात गवत पेरतोय म्हणाले! ताईने एक वही केली आणि सुतळीला गाठी मारून दर पंधरा दिवसांनी मोजमाप सुरू केलं. पंधरा दिवसांत वीतभर. महिन्यात कमरेपर्यंत. पंचेचाळीस दिवसांत बऱ्या जागी तिच्या खांद्याला लागला. डागांच्या जागी मात्र गुडघ्याएवढाच. त्या वहीवरूनच रानात कुठे दुखणं जास्त आहे याचा नकाशा तयार झाला.

आणि मग, ऐन फुलावर येण्याच्या बेताला, आबांनी त्यावर नांगर घातला. सगळं हिरवं रान उलटं करून मातीत गाडलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण त्याचं कामच ते. धैंच्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. तो नत्र मातीला मिळतो. शिवाय पाला कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं. सोडावॉटरमध्ये असतं तेच. आमच्या काळ्या मातीत चुनखडी मुबलक, म्हणजे कॅल्शियम घरातच होतं, पण कुलूपबंद. हे सौम्य आम्ल ते कुलूप थोडं थोडं उघडतं. औषध जमिनीच्याच पोटात होतं. ते बाहेर काढायला एक भराभर वाढणारं झाड लागलं.

असं सलग तीन पावसाळे केलं. चौथ्या वर्षी दीड एकरावर गहू आला. फार नाही, पण आला. उरलेल्या सखल वीस गुंठ्यांनी काही दाद दिली नाही. आबांनी तिथे हट्ट केला नाही. करंज आणि बाभळी लावल्या. आजही तिथे सावली आहे, शेळ्यांना पाला आहे, सरपण आहे. ताईने पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून पदवी घेतली. पाच-सहा वर्षं उशिरा. गव्हाचं रान परत आलं. ती वर्षं काही परत आली नाहीत. म्हणून म्हणतो, मातीला वेळेवर विचारावं.

चोपण जमिनीतल्या झाडांवर आपल्या देशात मोठं काम झालंय. हरियाणात कर्नाल इथे १९६९ मध्ये खास खारवट-चोपण जमिनींसाठी केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं की अशा जमिनीत खाली चुनखडीचा कडक थर असतो आणि रोपाची मुळं त्यावर आपटून थांबतात. मग त्यांनी रुंद खड्ड्याऐवजी गिरमिटाने अरुंद पण मीटरभराहून खोल भोक पाडायचं, तो थर फोडायचा आणि भोकात माती, शेणखत, जिप्सम भरून रोप लावायचं, असं तंत्र बसवलं. मुळं सरळ खाली जातात. एकदा तो थर ओलांडला की झाडाला घाई सुटते!

तेव्हा विम्ल, चोपण जमिनीसाठी तुमची यादी अशी करा : हिरवळीच्या खतासाठी धैंचा. सावलीला करंज, बाभूळ, अर्जुन. शेळीच्या चाऱ्याला शेवरी, आणि जमीन चुनखडीची पण निचऱ्याची असेल तर सुबाभूळ. फळं हवीत तर बोर, आवळा. भाजीच्या वाफ्यात बीट आणि पालक बऱ्यापैकी तग धरतात; घेवडा, हरभरा, मूग मात्र नाजूक, त्यांना तिथे घालू नका. आणि अशा जमिनीत पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'केवडा पडला', तर लगेच पाणी वाढवू नका. बहुतेक वेळा तो लोहाचा उपास असतो. मातीत लोह असतं, पण विम्ल मातीत ते विरघळत नाही. ताट वाढलेलं, पण हात पोचत नाही अशी गत.

आता परत वर, अकोल्याच्या डोंगरात जाऊ. तिथली माती किंचित आम्ल, पाऊस दांडगा, उताराची जमीन. तिथे भात, नागली, वरई आणि तेलासाठी खुरासणी पिढ्यान् पिढ्या घेतात. या पिकांना ती माती चालते. भराभर वाढणाऱ्यांत तिथे बांबू छान. बांधावर गिरिपुष्प लावा. नुसती फांदी खोचली तरी फुटते आणि तिचा पाला भाताच्या खाचरात खत म्हणून घालता येतो.

तिथल्या शेतकऱ्यांची आणखी एक रीत तुम्ही ऐकली असेल : राब भाजणे. भाताचं किंवा नागलीचं रोप टाकायच्या जागी उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. त्याने तणाचं बी मरतं. आणि राख विम्ल असते! तेवढ्या वाफ्यापुरता मातीचा आंबटपणा कमी होतो आणि पालाशही मिळतं. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता साधलेलं रसायनशास्त्र! यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, ही त्याची दुसरी बाजू. पण यातून एक धडा घ्या. 'चुलीतली राख झाडांना चांगली' हे आजीचं म्हणणं भंडारदऱ्याला खरं आहे; राहुरीच्या चोपणात तीच राख आगीत तेल ओतेल. सल्ला कुठल्या मातीतला आहे ते आधी बघायचं.

आणखी एक सावधगिरी. 'भराभर' या शब्दाला भुलू नका. वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातली. खाऱ्या, कोरड्या, कसल्याही जमिनीत वाढते. सरपण देते हे खरं, पण एकदा पसरली की गवताला जागा ठेवत नाही, आणि काढू म्हटलं तरी निघत नाही. तशीच ऑस्ट्रेलियन बाभूळ. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत ती झपाट्याने वाढते, म्हणून पुष्कळ लावली गेली. पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही, आणि खाली दुसरं काही फारसं उगवत नाही. झाड मातीशी जुळलं पाहिजे हे खरं. पण शेजाऱ्यांशीही जुळायला नको का?

आता तुमचं काम. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर जुलैत शाळाशाळांतून रोपं लागतात. पुढच्या जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यात नवं रोप, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच! गुरं, पाण्याची टंचाई ही कारणं खरीच. पण रोपवाटिकेत मिळालं ते लावलं, मातीला कुणी विचारलंच नाही, हेही एक कारण असतं. तुम्ही विचारा. तीन सोपे प्रयोग सांगतो.

पहिला : मातीचं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात हलकेच सोडा. पेल्यात पावसाचं स्वच्छ पाणी किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर हवं. विहिरीचं चालणार नाही, त्यात आधीच क्षार असतात. हलवू नका. काही तासांनी बघा. ढेकूळ फुटलं पण पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर तो एका हाताचा सोडियम कण सुटे करतोय, चोपणाची शंका घ्या.

दुसरा : वाळलेल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, चुरचुर आवाज आला तर माती चुनखडीची.

तिसरा : एक वाटी माती, दोन वाट्या तेच पाणी, ढवळून रात्रभर ठेवा. वरची निवळी काढून तिच्यात लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा उकळून काढलेला रस घाला. लालसर गुलाबी झाला तर आम्ल, हिरवट झाला तर विम्ल. पाणी निवळलंच नाही तर पहिल्या प्रयोगाचं उत्तर आठवा!

हे झाले अंदाज. खरा आकडा हवा तर माती प्रयोगशाळेत द्यायची. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या, कडेची माती खरवडा, सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. कृषी विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रांत ती तपासून मिळते. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे. तुमच्या घरी ती पत्रिका एखाद्या कपाटात पडून असेल. काढा, उघडा, सामूचा आकडा शोधा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. पुष्कळ घरांत ती आणलेली असते, वाचलेली नसते.

मग पावसाळ्याआधी शाळेत बाईंना किंवा सरांना तो आकडा सांगा आणि विचारा, 'आपल्या मातीत कोणतं झाड लावायचं?' खड्डा त्यानंतर. काय, जमेल ना? मग लागा कामाला!